उंबरावरचं हिरवं फडकं

"थोर माणसं? आमच्या खडीपाड्यात?" शुक्रा फिस्सकन हसला. "एकच हाय. मुकादमाचा कुत्रा! तो भुंकल्याशिवाय खदान सुरू होत नाय!"

पुष्पा पोट धरून हसायला लागली. दर्शन मात्र रडकुंडीला आला. हा पोरगा डहाणू शहरातल्या मसोलीचा, बाप रेल्वेत. २०१९ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या या खदानीच्या गावात मामाकडे आलेला. शाळेनं काम दिलेलं, एका लहान गावाचा इतिहास आणि तिथली थोर माणसं शोधा. सुट्टीतपण सुटका नाही बघा!

"जानी आजी हाय की!" पुष्पा म्हणाली. "चल, तिचा उंबर दाखवते."

चालता चालता तिनं सगळं सांगितलं. लई वर्षांमागं खदानीत सुरुंगाचा बार उडवला, तेव्हा जानी आजीचा नवरा खालीच राहिला. वर कोण आलं, कोण नाही, कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून आजीनं रीत घातली. खाली उतरताना आपलं भाकरीचं फडकं काठावरच्या उंबराला बांधायचं, वर आलं की आपल्याच हातानं सोडायचं. दुसऱ्याच्या फडक्याला कुणी हात लावायचा नाही. आणि झाड मोकळं झाल्याशिवाय बार नाही!

"मग ते काय?" दर्शननं बोट दाखवलं.

फांदीला एक हिरवं फडकं लोंबत होतं.

पुष्पाचं हसू जागच्या जागी विरलं. "आयेचं हाय! तिच्या जुन्या लुगड्याचं!"

गेल्या दिवाळीपासून तिकडं डहाणू-तलासरीत जमीन हलायची. त्या दुपारीही धक्का बसला होता. खालची माणसं धावत वर आली, फडकी ओढून घराकडं पळाली. पुष्पाची आई, चिमी, मात्र...

फुर्रर्र! पहिली शिट्टी वाजली.

तिघं पळत मुकादमाकडं गेले. बार उडवणारा नविन सुरुंगाच्या पेटीला तारा जोडत होता. "मुकादम, थांबा! आये खाली हाय!" पुष्पा ओरडली.

"कोण बोललं?" वासुदेव मुकादम खेकसला. "सगळे पळाले. गडबडीत फडकं राहिलं असंल. ती घरी झोपली असंल, जा!"

"घरूनच आले मी! घरी कोण नाय!"

"मुकादम," नविन हळूच म्हणाला, "फडकं हाय तर मी एकदा बघून येतो ना."

"भोकांत दारू भरलेली आहे, ट्रक उभे आहेत, आणि तू फडकी बघत बस!" मुकादम तरातरा उंबराकडं गेला, फडकं ओढलं आणि भिरकावलं. "झालं झाड मोकळं! वाजव दुसरी!"

नविनचं तोंड पांढरं पडलं. आजवर असं कुणी केलं नव्हतं. पण पोटासाठी नोकरी! त्यानं दुसरी शिट्टी वाजवली. तिसरीला बार!

शुक्रानं झडप घातली. जिच्याशिवाय बार उडत नाही ती पेटीची दांडी उपसली, दातांत धरली आणि शेजारच्या ताडाच्या झाडावर सरसर चढला! बापाबरोबर रोज ताडी उतरवायचा तो. शेंड्याला पोचायला कितीसा वेळ!

"उतर, हरामखोर! तुझी चामडी सोलीन!"

"या की वर सोलायला!" दांडी कमरेला खोचून शुक्रा ओरडला. "आधी माणूस बघा, मग दांडी! ओ जानी आजी! ओ पाड्यावाले! धावा!"

"तलासरीहून दुसरी दांडी आणतो!" मुकादम मोटारसायकलकडं धावला. बघतो तर चावी नाही! दर्शन हात पाठीमागं लपवून उभा. मूठ घट्ट.

"दे इकडं!"

"नाही!" एक कानफटीत बसली. तरी मूठ उघडली नाही.

पुष्पा काठावरून हाका मारत होती. "आये! ओ आये!" खालून काहीच नाही. नुसती धूळ. तिनं नविनचा हात धरला. "काका, तुमची आई असती तर?"

नविननं शिट्टी गळ्यातून काढून फेकली, तारा सोडल्या आणि उतरला. पुष्पा मागोमाग. पाड्यातली माणसं धावत आली, तीही उतरली.

कोपऱ्यात, ढासळलेल्या दगडांमागं चिमी सापडली. पाय शिळेखाली, तोंड धुळीनं भरलेलं. हाक मारायला आवाज फुटत नव्हता. पुष्पानं तोंड पुसलं, पाणी पाजलं.

"दोन्ही शिट्ट्या ऐकल्या गं," चिमी कुजबुजली. "तिसरीची वाट बघत होते."

चौघांनी शिळा उचलली, खाटेवर घालून तिला वर आणलं. पाय मोडला होता. जीव होता! दर्शनच्या मामानं जीप आणली. पाड्यातल्या लोकांनी मुकादमाला तिथंच सांगितलं, "तू असलास तर आमच्यातलं एकपण माणूस खाली उतरणार नाय."

पाड्यातून मागोमाग आलेल्या जानी आजीनं दर्शनच्या लाल गालावरून हात फिरवला. "शहरातलं पोर, पण हाड दगडाचं हाय!"

"शुक्रा! उतर, आये सापडली!" पुष्पा खालून ओरडली.

शुक्रा उतरेना. शेंड्याला मिठी मारून हमसून हमसून रडत होता.

"राहू दे त्याला," जानी आजी म्हणाली. मग मान वर करून तिनं हाक दिली. "दम खा रे माझ्या वाघा! घाई नाय. माझा घरवाला खाली राहिला, तेव्हा या ताडावर कुणी चढलं नव्हतं."

आणि म्हातारी तो उतरेपर्यंत खाली उभी राहिली.