शून्याचं टोक

“अगं, अंगण मोजताना फीत लेकराच्या हाती देऊ नये. लेकरू मापात धरलं जातं,” नणंद जाता जाता म्हणाली होती.

“माझं माप तर तुम्ही उठता-बसता काढता, वन्सं. मी कुठे धरली गेले?” असं म्हणून तिनं ती गोष्ट हसण्यावारी नेली.

नवरा परगावी. तो येईपर्यंत थांबायला तिचा जीव तयार नव्हता, कारण तीन वर्षांची ठकी त्या उखडलेल्या अंगणात रोज ढोपरं फोडून घ्यायची. सिमेंटचे ब्लॉक बसवायचे एवढंच. हिशेबही सोपा: लांबी गुणिले रुंदी, वर कापाकापीची तूट म्हणून दहावा हिस्सा, खाली चार बोटं बारीक खडीचा कच. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं ठकीला कोपऱ्यात उभं केलं आणि फितीचं शून्याचं टोक तिच्या मुठीत दिलं.

“मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हं!”

आकडा वाचला न वाचला तोच ब्लॉकवाल्याचा फोन आला. बोलत बोलतच फीत ओढून गुंडाळत ती आत गेली. मागोमाग ठकीही आली. मूठ रिकामी, पण आवळलेलीच.

ब्लॉक आले, अंगण भरत आलं. तो कोपरा मात्र बसेना. गवंडी कच पसरायचा, ब्लॉक मांडायचा, ठोकून सपाट करायचा आणि चहा पिऊन येईतो तिथे पुन्हा खड्डा. लहानसाच.

“बाई, तुमचा हा कोपरा भारी खादाड! सगळ्या अंगणाचा कच एकटा खातोय.”

“पाणी मुरत असेल.”

“कुठलं पाणी? खडखडीत कोरडा आहे. वर कुणी उभं असल्यासारखा दबतोय.”

तिनं हिशेब पुन्हा मांडला, पुन्हा तपासला. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी तिनं ठकीला ओट्यावर बसवायला उचललं आणि तिचे स्वतःचेच हात भसकन वर गेले, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसे. ठकी तर गुटगुटीत होती. खातपीत होती, खिदळत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, काट्यावर दोन टिचक्या मारल्या. “बिघडलाय वाटतं,” म्हणाल्या.

पुढच्या बाळाला तो नीट चालला.

ती ठकीला छातीशी घट्ट धरून धावतच घरी आली. गवंडी धुम्मस घेऊन कोपरा चोपत होता.

धप्.

“हं,” कडेवरची ठकी कण्हली.

धप्.

“हं.”

“थांबवा! हात जोडते, थांबवा!”

ठकीला खाली ठेवून तिनं गवंड्याच्या अवजारांतली पहार उचलली. ब्लॉक उखडले, कच नखांनी उपसला. खाली नुसती माती. वेड लागल्यासारखी उकरणारी बाई पाहून गवंडी अवजारं तिथेच टाकून चालता झाला.

ठकी शेजारी उभी होती. मूठ आवळलेली. बोटं पांढरीफटक.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ‘सोड’ असं आपण म्हणालोच नाही.

“सोड, बाळा. झालं मोजून. सोड आता.”

ठकीनं आईकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी मूठ उघडली.

वारा नव्हता. तरी ठकीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

तिनं झडप घातली.

आता ती आतल्या खोलीत बसली आहे, खिडक्या लावून, ठकीला ओढणीनं पोटाशी बांधून. ठकी हसते आहे, आईच्या केसांशी खेळते आहे. आणि बाहेर, अंगणात, कुणीतरी बारीक आवाजात मुसमुसतं आहे.

“अहो, ही गोष्ट ऐकताय ना तुम्ही? हिला सोडून मला उठता येत नाही. तुम्ही तेवढं कोपऱ्यात जाऊन बघता का, माझी ठकी तिथे आहे का ते? असली तर जवळ बसा तिच्या. उचलायला मात्र जाऊ नका. एकट्या माणसाला पेलणार नाही.”