पुन्हा बघा

विषय : भांडुप येथील गोदामात दिनांक १७ डिसेंबर २०२४, मंगळवार रोजी रात्रपाळीत घडलेल्या प्रकाराबाबत.
संदर्भ : संबंधित कामगार श्री. धोंडिराम यांनी चहा पिताना केलेले तोंडी निवेदन.

हसू नका. जन्म कारकुनीत गेला की भुताची गोष्टसुद्धा विषय-संदर्भाशिवाय सुरू होत नाही. दिवे गेलेच आहेत, मुलुंडच्या या गच्चीवर डास मारण्यापलीकडे कुणाला काही काम नाही, तर ऐका. घडलं ते धोंडिरामच्या बाबतीत. माणूस ओळखीचा आहे, आजही कामावर आहे, दारू पीत नाही. आणि थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

त्याची कंपनी घाऊक मालाची. साबण, बिस्किटं, चहापत्ती. मानखुर्दपासून दहिसरपर्यंतच्या वाण्यांना पोचवायचं. आधी एक गाळा होता, मग शेजारचा घेतला, मग मागचा. धंदा वाढला तसा गोंधळही वाढला. बोरिवलीने साबण मागवावा आणि अगरबत्ती पोचावी. शेवटी मालकांनी सुबोध नावाचा तरुण मॅनेजर आणला. पवईहून यायचा, बोलायचा भराभर. त्याने जास्त खपणारा माल दाराजवळ आणला. प्रत्येक गल्लीत माणूस हलला की लागणारे आणि थांबला की विझणारे दिवे बसवले. कुणी विनाकारण थांबायचं नाही, हा नियम झाला. दिवेही चुगली करायला लागले.

मग हेडफोन आले. कानात आवाज यायचा, "गल्ली चार. खण बारा." तिथे जायचं आणि खणावर चिकटवलेला खुणेचा आकडा मोठ्याने वाचायचा. जुळला तर आवाज म्हणायचा, "बरोबर. उचला." चुकला तर, "पुन्हा बघा." कागद नको, पेन नको, दोन्ही हात मोकळे.

"म्हणजे गूगल मॅपच की, काका," सर्वेश डास मारत म्हणाला.

तसंच. फक्त या मॅपमध्ये बोलणारी मुलगी धोंडिरामची होती.

संघमित्रा. त्याच गोदामात गाड्यांचा माल रवाना करणाऱ्या खिडकीवर बसायची. आवाज स्वच्छ. बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा सुबोधने तिलाच साबणाच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला आणि शब्द बोलून घेतले. काही आकडे, गल्ली, खण, आणि ही तीन-चार उत्तरं. एवढीच तिची भाषा.

"'उचल' म्हण ना," सुबोध म्हणाला होता. "छोटं, झटपट."

"सर, आत माझे बाबा आहेत. त्यांना मी 'उचल' म्हणू?"

सुबोध हसला. 'उचला' राहिलं.

नितेश नावाचा एक पोरगा धोंडिरामच्या पाळीत होता. तो चिडवायचा, "काका, घरी पण पोरीचं ऐकायचं, इथं पण?"

"घरी कुठं ऐकतो? म्हणून तर इथं कानात येऊन बसलीय ती."

सप्टेंबरात संघमित्राला डेंग्यू झाला. आठवडाभरात ती गेली.

सगळं आटोपून धोंडिराम कामावर आला, हेडफोन चढवला, आणि ती म्हणाली, "गल्ली चार. खण बारा."

तो तिथेच उभा राहिला. नियम होता की विनाकारण थांबायचं नाही. त्याला कारण होतं. पण दिव्यांना ते कळण्यासारखं नव्हतं. विझले.

त्याच्या मोबाईलमध्ये तिचे फोटो होते, आवाज नव्हता. बापलेक एका घरात, एका गोदामात. फोनवर बोलणार काय? 'निघते', 'जेवलो', तेही टाईप करून. पोरीचा जो आवाज जगात उरला होता तो त्या यंत्रात. सकाळी घाटकोपरला घरी पोचला की बायको, मीरा, चहा पुढे ठेवून विचारायची,

"काय म्हणाली आज?"

"गल्ली सात, खण नऊ."

"अजून?"

"बरोबर म्हणाली."

मीरा मान हलवायची. मग दोघं चहा प्यायची.

एकदा त्याने आकडा चुकीचा वाचला. खरंच चुकून. "पुन्हा बघा," ती म्हणाली. हे दोन शब्द बोलताना तिचा आवाज थोडा वर जायचा, हसू दाबल्यासारखा. नेमकी अशीच बोलायची ती. दुसऱ्या रात्री तो मुद्दाम चुकला. मग रोज चुकायला लागला. आकडा डोळ्यांसमोर, आणि हा भलताच वाचणार. दोनदा, तीनदा. पुन्हा बघा. पुन्हा बघा.

डिसेंबरात सुबोधने त्याला बोलावलं.

"काका, माल उचलण्यात तुम्ही आपले एक नंबरचे पिकर. रिपोर्टची वाट लागलीय ना पूर्ण."

"करतो नीट, सर."

"नाही ओ, चूक तुमची नाहीच. मुख्य ऑफिसने आकडे बघितले. त्यांचं म्हणणं, आवाज क्लिअर नाहीये. आता मशीनचा आवाज येतोय, मंगळवारपासून. जुना पुसणार." मग हळूच म्हणाला, "मी तिच्या फायली मागितल्या, काका. सॉफ्टवेअरवाले देत नाहीत. करार संपला म्हणे."

धोंडिरामने तोंड उघडलं. आवाज क्लिअर आहे, सर, मीच... एवढं त्याला म्हणायचं होतं. पण सुबोधने त्याचा हात हातात घेतला होता. बाहेर येऊन तो साबणाच्या खोलीपाशी बराच वेळ उभा होता. मुलीचा आवाज बापानेच पुसला होता. ऐकायची हाव सुटली म्हणून.

"काका, बास..." रुचिरा म्हणाली. "भूत कुठे आहे यात?"

येतंय.

मंगळवार, सतरा तारीख. अडीचच्या चहाच्या सुट्टीत बदल व्हायचा होता. नितेश सगळ्यांच्या हेडफोनमधल्या बॅटऱ्या काढत फिरत होता, नव्या यंत्रांत घालायला. धोंडिरामचीही काढली.

"द्या काका. रिकामा आहे तो आता."

"राहू दे रे जरा."

नितेश बॅटरी खिशात टाकून पुढे गेला. सगळे चहाला गेले. रिकामा हेडफोन कानावर तसाच ठेवून धोंडिराम चौथ्या गल्लीत एका खोक्यावर बसला. हलला नाही. दिवा विझला.

अंधार. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग तोही आवाज संपला.

पहिल्या गल्लीतला दिवा लागला.

त्याला वाटलं, नितेश असेल. हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

दुसऱ्या गल्लीतला लागला.

पावलं नाहीत. काहीच नाही.

तिसऱ्या.

मग त्याच्या डोक्यावरचा.

कानात खरखरलं.

"गल्ली चार."

तो उठला.

"खण बारा."

खण बारा समोरच होता. त्याने आकडा वाचला. चुकीचा वाचला... सवयीने.

"बरोबर."

त्याने दुसरा चुकीचा आकडा सांगितला.

"बरोबर."

"...संघा?"

खरखर. मग...

"बरोबर."

तो खणाला धरून उभा राहिला. इतके महिने तिने बोलावं म्हणून चुका केल्या, आणि आता...

"लई थकलो गं."

काही नाही.

"मी येऊ का तुझ्याकडं?"

काही नाही. खूप वेळ काही नाही.

"पुन्हा बघा."

"येऊ दे ना गं, बाळा..."

"पुन्हा बघा."

या वेळी आवाजात हसू नव्हतं.

मग त्याच्या डोक्यावरचा दिवा विझला. तिसऱ्या गल्लीतला विझला. दुसऱ्या. पहिल्या. धोंडिराम हलत होता, हात हलवत होता, हाका मारत होता. एकही दिवा लागला नाही.

नितेश चहाचा ग्लास घेऊन आला तेव्हा हा जमिनीवर बसलेला. नितेशने हेडफोन त्याच्या कानावरून उतरवला आणि तो थबकला.

"काका, याची हिरवी बत्ती चालू कशी? बॅटरी माझ्या खिशात आहे."

दुसऱ्या दिवशी सुबोधने यंत्र उघडून बघितलं. आत थोडा करंट साठून राहतो, संध्याकाळपर्यंत जाईल, असं म्हणाला. पुढच्या संध्याकाळीही त्याने तेच सांगितलं. नंतर बोलायचं सोडलं. यंत्र त्यानंतर बोललेलं नाही. बत्ती मात्र गेल्या आठवड्यापर्यंत तरी जळत होती. धोंडिरामच्या ओळखीने ती बघून आलेली माणसं आहेत.

धोंडिरामने कंपनीकडे अर्ज केला. सदर हेडफोन भंगारात काढून मला द्यावा. बायकोने अजून ऐकलेलं नाही.

मुख्य ऑफिसने विचार केला. नियमाप्रमाणे बंद पडलेली वस्तूच भंगारात काढता येते, आणि या हेडफोनची बत्ती जळत असल्याने तो बंद आहे असं लिहून देता येत नाही. तो चालू आहे असंही लिहून देता येत नाही, कारण त्यात बॅटरी नाही. सुबोधने दोनदा आठवण पाठवली. मीरा रोज सकाळी विचारते.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.