फाटकाशी उभी बाई

बुधवारी दुपारी जेवण उरकून नक्षीकाकांनी नवी कॅसेट खिशात घातली आणि ते ताईकडे निघाले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या घरात ती एकटी राहायची.

नक्षीकाका हे नाव शेजाऱ्यांनी पाडलेलं. चौतीस वर्षं त्यांनी कापडाच्या गिरणीत नक्षी काढली होती. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत किनारीची फुलं काढायची, मग तो कागद मागावर जायचा. नोकरी संपली, तरी बोटांची खोड जाईना. शेवटी तरुणपणी हौसेने घेतलेला घरगुती कॉम्प्युटर त्यांनी माळ्यावरून काढला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून खेळ भरायचा, असला तो जुना प्रकार. त्याच्यासाठी ते चित्रकोड्यांचा खेळ लिहीत होते. जुन्या मशीनांवर जीव टाकणाऱ्या मंडळींचा एक क्लब होता, त्यांना तो पाठवायचा होता.

खेळ साधाच होता. पडद्यावर पंधरा बाय पंधराची रिकामी जाळी. प्रत्येक ओळीच्या टोकाला आकडे. 'चार, दोन' असं असलं की त्या ओळीत सलग चार चौकोन काळे, मग थोडी जागा, मग दोन काळे. आडव्या आणि उभ्या ओळी एकमेकींशी ताडून बघायच्या आणि भरत जायचं. सगळं बरोबर आलं की चित्र दिसतं. अंदाजपंचे काही नाही, आणि उत्तर एकच. दोन उत्तरं निघाली तर ते कोडं बाद. त्यासाठी काकांनी वेगळा तपासनीस प्रोग्रॅम लिहिला होता. तो प्रत्येक चित्र चाळायचा आणि 'उत्तर एक' असं सांगायचा.

खेळून बघण्याचं काम ताईकडे. ती निवृत्त परिचारिका, निम्मं आयुष्य वॉर्डात गेलेलं. कंबर गेली होती, काठीशिवाय चालता येत नव्हतं, पण डोकं अजून वस्तऱ्यासारखं. काकांनी तिच्यासाठी तसलंच दुसरं मशीन मिळवलं होतं. सुटलेलं चित्र ती चौकटीच्या वहीत उतरवून ठेवायची.

पहिली पाच चित्रं किटली, कात्री अशी होती. पुढे काय काढावं सुचेना, तेव्हा काकांनी डोळ्यांसमोर होतं ते घेतलं: ताईचंच घर. सहावं चित्र फाटक. मग पायऱ्या, मग दार, मग आतला बोळ आणि दहावं खाट. खाटेवर मुद्दाम एक झोपलेली बाई काढली होती, ताईच्या दुपारच्या झोपेची थट्टा म्हणून. अकरावी जागा अजून रिकामीच होती.

गुरुवारी संध्याकाळी पाचला ताईचा फोन आला.

"फाटक झालं रे. छान आहे. पण ती बाई कोण?"

"कसली बाई?"

"फाटकाशी उभी आहे ती. मान खाली घातलेली."

"अगं, मी फक्त फाटक काढलंय. कुठेतरी चुकलीस."

"मी चुकत नाही," ताई म्हणाली. "आकडे वाचून दाखवू?"

तिने आकड्यांसकट आपण भरलेल्या पंधराही ओळी वाचून दाखवल्या. काका कागदावर भरत गेले. भरता भरता त्यांचा हात हळू झाला. उजवीकडे एक उंच, बारीक आकृती उभी राहिली होती. हात अंगाशी, मान खाली. तिच्यापुरते चौकोन फाटकाच्या मधल्या गजातून कमी झाले होते. त्यांनी आडवे आकडे मोजले, उभे मोजले. जुळत होते. मग स्वतःचं चित्र मोजलं. तेही जुळत होतं. तपासनीस प्रोग्रॅमला विचारलं, तर तो म्हणाला, उत्तर एक.

"लाखात एखाद्या वेळी होत असेल असं," ते फोनवर म्हणाले.

शुक्रवारी ते सकाळीच ताईकडे गेले. फाटक ढकलायला हात लावला आणि थबकले. मधला गज नव्हता. खालीवर दोन भोकं तेवढी राहिली होती, त्यांच्या कडा जुन्या, गंजलेल्या. वर्षानुवर्षं तिथे काही नसावं तशा.

"भंगारवाल्याने नेला असेल," ताई म्हणाली. "तू त्याचं एवढं काय घेऊन बसलास. हे बघ, पायऱ्यासुद्धा झाल्या."

तिने वही पुढे केली. तीन पायऱ्या, आणि खालच्या पायरीवर ती. आता जरा मोठी दिसत होती. पायरीचा डावा कोपरा चित्रात नव्हता. बाहेर जाऊन बघायचं धाडस काकांना झालं नाही. परतताना मात्र बघावंच लागलं. कोपरा तुटला होता, आणि तुटलेल्या जागी शेवाळ धरलं होतं. ते तसेच मागे फिरून आत आले.

"ताई, पुढची कोडी सोडवू नकोस. प्रोग्रॅममध्ये काहीतरी गोंधळ आहे. मी दुरुस्त करून आणतो." त्यांनी कॅसेट मागितली.

"ठेव रे. करमणूक होते माझी," ताई म्हणाली. मग हलकेच, दाराकडे बघत, "वॉर्डात अशा बायका खूप बघितल्यात मी. भेटायची वेळ संपलेली असते, आत कोणी सोडत नाही... मग बाहेरच उभ्या राहतात. आत घेतलं की शांत होतात."

ते घरी आले. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना एकदम उमगलं, की फाटक, पायऱ्या, दार, बोळ, खाट हा क्रम त्यांनीच लावला होता. बाहेरून आत येणाऱ्याला लागतो तसा.

शनिवारी ताईचा फोन लागेना. रविवारी सकाळी लागला.

"दार झालं. बोळही झाला," ताई म्हणाली. ती अगदी हळू बोलत होती, शेजारी कोणी झोपलेलं असावं तसं. "आता खाट घेतलीये."

"ताई, सोडवू नकोस. ऐक माझं. मशीन बंद कर."

"अरे, झालंच आता..."

काका पायात चप्पल सरकवून निघालेच. रिक्षा, मग गल्ली, मग ते फाटक. ऊन चांगलं तापलं होतं, तरी बोळात शिरल्यावर अंगाला गार लागलं. ओल्या लोखंडाचा वास येत होता. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. ताई समोर बसली होती. सुखरूप. काकांचा जीव भांड्यात पडला.

"ये. बघ, झालं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. झोपलेली बाई खाटेवर नव्हती. खाट रिकामी होती. खाटेशेजारी दोघी उभ्या होत्या. एक ती, उंच, मान खाली. दुसरी किंचित वाकलेली, आणि तिच्या हाताशी तीन चौकोनांची एक रेघ.

"ही मीच की," ताई कौतुकाने म्हणाली. "काठी बघ ना."

काकांनी मशीनची वायर ओढून काढली. कॅसेट बाहेर काढून तिची फीत ओरबाडून तोडली. ताईच्या चार साड्या पिशवीत कोंबल्या आणि तिला हाताला धरून बाहेर काढलं. ती रागावली, पण आली. पायऱ्या उतरताना तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि मान हलवली, वॉर्डातून निघताना पेशंटला निरोप देतात तशी.

सोमवारी दुपारी काकांच्या घरी ताई आतल्या खोलीत झोपली होती. काकांनी बाहेरच्या दाराची कडी पुन्हा एकदा बघितली आणि कामाच्या टेबलाशी बसले. खोलीत खुर्ची तेवढी एकच. मूळ कॅसेट त्यांच्याकडे होती, तीही पुसून टाकायची होती. खेळ भरला, आणि पुसण्याआधी राहवलं नाही म्हणून त्यांनी दहावं चित्र उघडलं. त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेलं.

खाट रिकामी होती. शेजारीही कोणी नव्हतं.

पुढची जागा अकरावी. तिथे जाळी कोरी होती, पण टोकांना आकडे होते. काकांनी ते घातले नव्हते. चित्राशिवाय आकडे येतच नाहीत, प्रोग्रॅम तसा लिहिलेलाच नव्हता.

त्यांनी काही भरलं नाही. पण चौतीस वर्षांच्या सवयीला काय करणार. आकडे दिसले की डोळा आपोआप चौकोन मांडतो. वरच्या ओळींत खिडकी. मग टेबलाची कड, टीव्हीची चौकट. मग एका माणसाचं डोकं, मागून दिसणारं, विरळ केसांचं. पाठ. आणि त्या पाठीच्या मागे, अगदी लागून, काहीतरी उंच सुरू होत होतं. खालच्या ओळी वाचायच्या आत त्यांनी डोळे मिटले.

खोलीत ओल्या लोखंडाचा वास होता.

आतून काठीचा आवाज आला. ताई उठली होती. दारात येऊन थांबली. काकांनी डोळे उघडून फक्त तिच्याकडे पाहिलं. ताईची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून सरकली आणि त्यांच्या खांद्याच्या मागे, जरा वर जाऊन थांबली.

"अरे," ती हळूच म्हणाली, "यांना कधीचं उभं करून ठेवलंस... खुर्ची तरी दे."

काका उठले. वळले नाहीत. टेबलाच्या कडेकडेने ताईपर्यंत गेले आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. मागे खुर्ची कुरकुरली, कोणी अंग टाकलं की कुरकुरायची तशी. मग मशीनचा तो बारीक आवाज सुरू झाला, चौकोन भरला की येणारा. टुक... टुक... न थांबता, न चुकता. काकांनी डोळे मिटून घेतले होते. ताई त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. ती ओठांत पुटपुटत होती. चौकोन मोजत होती. बऱ्याच वेळाने तिने शेवटचा आकडा पुटपुटला आणि आवाज थांबला. काकांनी चाचपडत भिंतीवरचं मशीनचं बटण बंद केलं.

याला आता वर्ष होत आलं. ताई काकांकडेच असते, तब्येत उत्तम आहे. दोन्ही मशीनं काकांनी मोडीत काढली. त्या खोलीला कुलूप आहे. अकराव्या चित्रात काय होतं, हे त्यांनी ताईला एकदाच विचारलं.

"छान होतं रे," ताई म्हणाली. "आपल्याच घरातलं. सगळे बसलेले होते."

सगळे म्हणजे किती, हे काकांनी अजून विचारलेलं नाही.