खंडेनवमीचं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडहून राहीबाईंना फोन आला. बेदाणा म्हणून कुरिअरला दिलेलं खोकं फुटलं होतं. आत बेदाणा नव्हता. राहीबाईंच्याच कारखान्यातली वाईन होती. बारा बाटल्या, एकीलाही लेबल नाही. पत्ता बंगळूरचा.

राहीबाईंचं मन कालपासनंच थाऱ्यावर नव्हतं. वडूजहून माहेर करून आल्या, झाकणं बसवायच्या मशीनवरचं पूजेचं कुंकू पुसायला गेल्या, तर ते आधीच फिसकटलेलं.

मुलाला, वीरधवलला, घेऊन त्या कुरिअरच्या हापिसात शिरल्या. दारूबंदी खात्याच्या निरीक्षक क्रांतीबाई खुर्चीत होत्या, कारखान्यातला गडी बिराप्पा भिंतीशी उकिडवा. खोकं त्यानंच आज उजाडताच आणून दिलेलं. कुणी दिलं म्हणून विचारलं की मान खाली.

क्रांतीबाईंनी सरळ सांगितलं. परवाना इथल्यापुरता. परराज्यातल्या गिऱ्हाइकाच्या घरी बाटली धाडायची तर तिथली परवानगी लागते. चोर सापडला तर गुन्हा त्याच्यावर. नाही तर कारखान्याला आजच सील.

"गप बसलाय म्हंजे कबूलच की," वीरधवल म्हणाला. "गोदामातनं उचलल्या असतील."

राहीबाईंनी एक बाटली उचलली. झाकणाच्या कडेला तांबूस डाग होता. दुसरी बघितली. तिलाही तोच. पदरानं पुसला, बोटाला लावून निरखला.

"बिराप्पा, खंडेनवमीला कुठं हुतास?"

"आरेवाडीला, आक्का. बिरोबाला. आदल्या दिशी गेलो, आज पहाटं आलो."

"आन् तू रं, वीरधवल?"

"विश्रामबागला. दिवसभर."

"कारखान्याची किल्ली?"

"माझ्या खिशात."

"कुणाच्या हातात दिली न्हाईस?"

"न्हाई आई. तूच बजावलं हुतंस न्हवं?"

राहीबाईंनी बाटली क्रांतीबाईंपुढं ठेवली.

"आवं बाई, खंडेनवमीला आमी हत्याराला हात लावत न्हाई. त्या दिवशी मशीनबी देव. सकाळी म्या सवता तिच्या तोंडावर हळदकुंकवाची पाच बोटं वढली, तेलात कालवून. कुलूप घातलं, किल्ली ह्याच्या हातात दिली आन् वडूजला गेले. काल सकाळीच येऊन पुसलं. म्हंजे झाकणाला कुंकू लागलेली बाटली त्या एकाच दिशी भरली. लेबल गोदामात लागतं. हिला न्हाई, म्हंजे ती तिथं गेलीच न्हाई. बिराप्पा देवाला गेलेला. किल्ली कुणाच्या खिशात हुती, ते आत्ता तुमीच ऐकलं."

वीरधवलनं किल्ली खिशातनं काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, बंगळूरची माणसं लय मागं लागली होती, तिथल्या परवानगीला महिने जातात, गिऱ्हाईक तुटलं असतं.

"गिऱ्हाईक तुटलं असतं तर दुसरं जोडलं असतं," राहीबाई म्हणाल्या. "मीठ खाल्लं म्हणून ह्यो मुका ऱ्हायला. आन् तू त्यालाच चोर म्हणालास."

क्रांतीबाईंनी पेन उचललं. "नाव काय लिहू?"

"वीरधवल नाथाजी," राहीबाईंनी सांगितलं.

"आडनाव?"

"माझ्या परवान्यावर हाय. बघून घ्या." आणि त्या भिंतीकडं वळल्या. "ऊठ रं बिराप्पा. मशीन पुन्ना पुसून घ्यायचीय."