जित्या धन्याचं सुतक

भिवाजीने तांब्या हातात घेतला, क्षणभर त्यातल्या पाण्याकडे पाहिले, आणि बायकोच्या डोळ्यांदेखत ते सगळे पाणी सारवलेल्या भुईवर ओतून दिले!

"मेलेल्या मानसाला तहान लागती व्हय गं?" तो म्हणाला. "तू तर माजं सुतक धरून मोकळी झालीस."

सारजाने त्याच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला. बाजेवर पडलेल्या त्या धिप्पाड माणसाची मांडी बांबूच्या कामट्यांत आवळून बांधलेली होती. खळ्यावर बिथरलेल्या बैलाने ती मोडली होती. पण अवघ्या नांदे गावाच्या मते ती बैलाने नव्हे, सारजानेच मोडली होती.

चुलीपुढून सासूचा, रंभाबाईचा आवाज आला. "हिचं बोचकं बांधा आन् घालवा कासारसाईला, म्हायेरी. माज्या लेकाच्या मुळावर उठलीया अवदसा! त्यो हिंडाय-फिराय लागला की दुसरी करून आनते."

दुसरी! ज्या बाईची कूस उजवली नाही, तिच्या काळजात हा एक शब्द किती खोल रुततो, ते तिचे तिलाच ठाऊक. सारजाने निमूटपणे पदराने भुईवरचे पाणी टिपले.

आणि अपराध तरी कोणता? तिचा धाकटा दीर हैबती पुण्याच्या सिनेमाच्या शाळेत शिकत होता. सरकारने सिनेमाची शाळा काढावी आणि त्यात आपल्या गावचे पोरगे जावे, हे नांदेकरांच्या पचनी पडतच नव्हते. "शिकतंय काय तितं? तिकिटं फाडायला?" असे म्हणून पारावरची मंडळी खो-खो हसत. सारजा मात्र हसली नाही. ती परकर नेसून या घरात आली तेव्हा हैबती रांगत होता, आणि त्याच वर्षी त्याचे वडील गेले. तो वाढला तो वहिनीच्या कडेवर. त्याच्या शिक्षणासाठी भिवाजीशी भांडली तीही तीच.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक लहानसा चित्रपट स्वतः करून दाखवायचा होता. हैबतीने गोष्ट निवडली ती एका शेतकरणीच्या वैधव्याची. सारजा सोडून घरची माणसे जांब्याला लग्नाला गेली होती, तो दिवस साधून तो चित्रे घेण्याचे यंत्र आणि चार सोबती घेऊन आला. काम करायला पुण्याची एक मुलगी यायची होती, तीही आली. पण पुसायचे कुंकू आणि फोडायच्या बांगड्या पाहताच तिच्याबरोबर आलेली आत्या ताडकन उठली. "खोटं असलं म्हणून काय झालं? आमच्या पोरीचं अजून लग्न व्हायचंय!" असे म्हणत ती मुलीला ओढतच घेऊन गेली. यंत्र संध्याकाळी परत द्यायचे होते आणि पुन्हा मिळणार नव्हते. ओसरीच्या पायरीवर डोके धरून बसलेल्या हैबतीचे खांदे गदगदू लागले, आणि सारजा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठ," ती म्हणाली. "म्या करते."

"वैनी, दादा जिता असताना?"

"देवाला का खरंखोटं कळत न्हाई? उठ म्हनते ना!"

तिने कुंकू पुसले. दगडावर हात आपटून हिरवा चुडा फोडला. तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर भिवाजी नव्हताच... उभी होती ती रंभाबाई! सासरा गेला त्या दिवशी ही बाई टिपूसभरही रडली नव्हती. जमीन बळकावायला टपलेले भाऊबंद अंगणातच बसले होते. त्यांना आपण खचल्याचे दिसता कामा नये, म्हणून ती दगड झाली होती. गावानेही मग तिचे नाव दगडच पाडले. पण तिन्हीसांजेला गोवऱ्या आणायला गेलेल्या लहानग्या सारजाने गोठ्याच्या फटीतून पाहिले होते. रोज सकाळी नवऱ्याचे मुंडासे आपल्या गुडघ्यावर बांधून देणारी रंभाबाई तेच तांबडे मुंडासे गुडघ्यावर बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती, आणि आवाज फुटू नये म्हणून त्याचा लोंबता शेव तिने तोंडात कोंबला होता. सारजाने हे आजवर कुणालाही सांगितले नव्हते. त्या दिवशी यंत्रापुढे ती गोठ्यात बसली आणि नेमके तेच केले.

शेजारची गोजराबाई दगडी गडग्यावरून अंगणातले सारे पाहत होती. मग काय विचारता! सांज व्हायच्या आत ते गावभर झाले, आणि आठवडा उलटायच्या आत बैल बिथरला.

"वैनी, तुमी कुनाला आठवून रडलात, येवढं तरी सांगा," हैबती काकुळतीला येऊन म्हणाला होता. "म्हंजी दादाला समजावता यील."

सारजाने नकारार्थी मान हलवली. एक शब्द... एकच शब्द तिला वाचवू शकत होता! पण वीस वर्षे सासूने जे जिवापाड झाकून ठेवले, ते आपला संसार वाचवण्यासाठी उघड्यावर मांडायचे? तिच्याच्याने ते झाले नाही. ती बोचके घेऊन कासारसाईला गेली. उन्हाळा सरला, पावसाळाही सरला. नांद्याहून तिला न्यायला कुणी आले नाही.

दिवाळीच्या तोंडावर हैबती आला. चित्रपट तयार झाला होता आणि घरच्या मंडळींना शाळेतच दाखवणार होते. "आये आन् दादा बी येनार हायेत," तो चाचरत म्हणाला. "आये म्हनली, येते. चारचौघांत त्या पडद्याला आग लावते, मगच म्हागारी येते."

दुपारची वेळ असूनही शाळेच्या दालनात काळोख होता. रंभाबाई पुढच्या रांगेत बसली होती. सुनेकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. भिवाजी काठी टेकत आला आणि त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मागच्या रांगेत सारजा एकटीच, अंग चोरून बसली होती. आज काय तो निकाल लागणार, हे तिला कळून चुकले होते.

पडद्यावर चुडा फुटला.

"बघ रं भिवा, डोळं भरून बघ!" रंभाबाई फुत्कारली. "तुजं मढं अंगनात टाकून बसलीया!"

भिवाजीने मान फिरवली. पडद्यावरची बाई उठली, गोठ्यात गेली, खुंटीवरचे मुंडासे काढून खाली बसली, आणि एक गुडघा उभा करून त्यावर ते बांधू लागली... बांधले, सोडले, पुन्हा बांधले... मग त्याचा शेव तोंडात कोंबून ती मुकी, थरथरत डोलू लागली.

रंभाबाईच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. पुण्याच्या कुणी बाई "काय हो अभिनय!" म्हणत रुमालाने डोळे टिपत होत्या. रंभाबाई मात्र जागची हलली नाही. मग ती मागे सारजाकडे वळली.

"कवा बगितलंस?"

"मामंजी गेले त्या दिशी, आत्याबाई. फटीतनं..."

"आन् येवढी वर्सं बोलली न्हाईस? म्या तुला घराभाईर काढली, तवा बी न्हाई?"

"तुमी झाकलं व्हतं ना," सारजा रडत म्हणाली. "मंग म्या कशी उघडं करू?"

भिवाजी काठी टेकत जवळ आला. "आये, काय झालं? हे काय बोलताया तुमी?"

"आरं, ती तुला न्हाई रडली!" रंभाबाईचा आवाज फाटला. "जेला रडतीया त्यो तुजा बा हाय, भिवा. ते रांडपन माजं हाय. साऱ्या गावानं मला दगूड म्हनलं, पोटच्या पोरांनी बी म्हनलं... आन् हिनं, परक्याच्या पोरीनं, माजं रडं वीस वर्सं आपल्या पोटात ठिवलं!"

होय, भिवाजीनेही तिला दगड म्हटले होते. बाप गेला त्या रात्रीपासून आईच्या कोरड्या डोळ्यांचा राग तो मनात बाळगून होता. त्याने सारजाकडे पाहिले. मग तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, आणि आखडलेला पाय सावकाश लांब करत म्हणाला, "सारजे... म्हायेरचं बोचकं आनलंयास का संगं? आपल्याला हितनंच घरी जायचं हाय."

सारजाने पदरात तोंड लपवले.

रंभाबाई रांग ओलांडून आली आणि सुनेच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने सारजाचा हात हातात घेतला, तो इतका घट्ट की बांगड्या रुतल्या. मग मागे चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या धाकट्या लेकाला तिने हाक मारली.

"हैबती, त्यो दिवा घालव. आन् त्यो शिनेमा परत लाव."

"आये, पुन्यांदा बगायचंय?"

"बगायचं न्हाई रं. तवा भाऊबंद अंगनात बसलं व्हतं, घाईत उरकलं सारं," रंभाबाई म्हणाली. "आता सावकास रडू दे मला."

अंधार झाला, आणि रंभाबाईने मोठ्याने हंबरडा फोडला.