विषय क्रमांक चार : बसथांब्यावर बाक

सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि नागरिक आला होता एकच.

"बसायचं कुठे?" त्याने दारातूनच विचारलं.

"कुठेही... निवड भरपूर आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही. पण पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर येऊन बसला.

प्रभाग समितीच्या खुल्या सभेचं इतिवृत्त मी लिहिते, म्हणजे कोण काय बोललं ते कागदावर उतरवते. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, पाच वाजता, कोणीही यावं आणि तीन मिनिटांत आपलं गाऱ्हाणं मांडावं. पण कोणी येत नसे. अध्यक्ष घड्याळाकडे बघत, शिपाईकाका पेंगत आणि मी लिहीत असे, 'नागरिक उपस्थित नाहीत.' घरी जाऊनही तेच लिहिता आलं असतं. ताई लग्न होऊन गेल्यापासून त्या दोन खोल्यांत माझा आवाज मलाच परका वाटे. सुट्टीच्या दिवशी तर तो निघतच नसे.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मागणी एवढीच, चौकातल्या बसथांब्यावर बाक हवा. "माझी आत्या दवाखान्यात जाते. तिचे गुडघे... आणि बस वीस-वीस मिनिटं येत नाही हो."

जाताना तो टेबलापाशी रेंगाळला.

"तुमच्या चष्म्याची डावी दांडी सैल झालीय. अकरा वेळा वर सारलात."

"तीन मिनिटं बोलायला दिली होती, मोजायला नाही."

"दुकानात या, आवळून देतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी गेले नाही. दांडी सैलच ठेवली. विषय क्रमांक चार पुढच्या महिन्यात गेला, मग त्याच्या पुढच्या, आणि तो दर वेळी आला. मी त्या दिवशी निळा कुर्ता घालू लागले. "आज पहिला गुरुवार वाटतं," शिपाईकाका म्हणायचे आणि मी फायलीत तोंड खुपसायची.

पाचव्या सभेच्या आदल्या दिवशी बांधकाम विभागाचं पत्र आलं. बाक बसवला आहे, विषय बंद करावा. मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि खणाच्या तळाशी सारलं. बाक मिळाल्यावर तो कशाला येणार? कार्यसूचीवर मी पुन्हा लिहिलं, 'विषय क्रमांक चार, प्रलंबित.' सहा वर्षांच्या नोकरीतलं ते माझं पहिलं खोटं.

विषय पुकारला. आता हा म्हणणार, बाक तर आला... तो उठला, खाकरला. "बाक लवकर मिळावा, ही विनंती."

त्याने अजून पाहिला नसेल, असं मी मनाला समजावलं. रोज त्याच चौकातून जाणाऱ्या माणसाने!

असे चार महिने गेले. नवव्या सभेला बांधकामचे साहेब स्वतः आले आणि चौथा विषय निघताच म्हणाले, "अहो, बाक बसवून चार महिने झाले. पत्रही दिलंय."

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला दिसला नाही?"

"दिसला," तो म्हणाला. "चूक माझीच. बाक आला त्याच्या आदल्या आठवड्यात आत्या गेली. त्यावर बसवत नाही मला. घरी आता कोणी नाही... इथे निदान माझं बोलणं कुणीतरी लिहून घेतं."

माझं पेन थांबलं.

"आणि पत्र?" अध्यक्षांनी विचारलं.

"गहाळ झालं असेल टपालात," तोच घाईने म्हणाला. मला पाठीशी घालत होता... म्हणजे त्यालाही सगळं कळलं होतं.

मी गप्प बसले असते तर नोकरीवरचं संकट टळलं असतं. पण चार महिने त्याचं दुःख 'प्रलंबित' लिहिणारी मीच होते.

"गहाळ नाही, साहेब. माझ्या खणात आहे. विषय संपला तर हे यायचे थांबतील, म्हणून मी ठेवून घेतलं."

शिपाईकाका टक्क जागे झाले. अध्यक्षांनी डोळे चोळले. "विषय निकाली. बाईंना लेखी समज द्या. आणि हे कारण इतिवृत्तात नको हो, माझं निवडणुकीचं वर्ष आहे."

सभा सुटल्यावर मी चौकात गेले. तो बाकाशेजारी उभा होता.

"आत्या कुठे बसल्या असत्या?" मी विचारलं.

"डाव्या टोकाला. तिथे ऊन येत नाही."

मी डावं टोक मोकळं सोडून बसले. बऱ्याच वेळाने तो टेकला, आमच्या दोघींच्या मधे. मग खिशातून बारीक पेचकस काढून त्याने हात पुढे केला. मी चष्मा दिला. सगळा चौक धूसर झाला, फक्त तो, जवळ असल्याने, नीट दिसत होता.

"पहिल्या सभेनंतर रोज खिशात ठेवलाय," तो पेच आवळत म्हणाला. "पण पुढच्या गुरुवारी आता... काय विषय घेऊन येऊ?"

"गुरुवारपर्यंत थांबायचं कशाला? आता सांगा. आत्याबद्दल सांगा. मी लिहून घेणार नाही, नुसती ऐकेन."

बस आली, थांबली. आम्ही उठत नाही म्हटल्यावर निघून गेली. तो बोलू लागला होता.