कायम सुरात

इचलकरंजीत पन्नाशी उलटलेला आणि स्वतःच्या कानांनी ऐकणारा माणूस आता शोधून सापडत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटाने कान लवकर जातात आणि ते गेले की कानामागे कर्णमणी बसवून घ्यायचा, हा रिवाजच पडला आहे. कर्णमणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. ते बाहेरचा आवाज टिपतं, त्याचे विजेचे संकेत बनवतं आणि थेट श्रवणाच्या नसेला देतं. पुढे पुढे धडधाकट कानांची माणसंही हौसेने तो बसवू लागली.

कर्णमण्यात हवं ते ॲप घालता येतं. गाणं शिकवणाऱ्या शर्वरी मगदूम यांनी 'यथाश्रुत' घेतलं होतं. पुण्याच्या डॉ. अन्विता ठिगळे यांनी ते एकटीने बनवलेलं. बाहेरचा आवाज ते जसाच्या तसा पोचवायचं. मग कर्णमणी बनवणाऱ्या कंपनीनेच स्वतःचं 'मंजुळ' आणलं. मंजुळ कर्कश आवाज मऊ करतं आणि बेसूर स्वर ओढून जवळच्या शुद्ध स्वरावर नेऊन ठेवतं. यात वावगं काही नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. पण कंपनीने सुरक्षिततेचं कारण पुढे करून नियम केला की, बाहेरचा आवाज आधी मंजुळकडे जाईल आणि इतरांच्या ॲपना मंजुळने दिलेलाच मिळेल. यथाश्रुतवर बंदी नव्हती. त्याला फक्त उष्टं मिळू लागलं.

अशा सूचना वाचतो कोण? शर्वरीताईंचा सगळा वर्ग हळूहळू सुरात गाऊ लागला, तेव्हा त्यांना आपल्याच शिकवण्याचं कौतुक वाटलं. माणूस आहे, वाटणारच. पुढे बँकेत नोकरी करणारी, जन्मात कधी न गायलेली सृजा शिकायला आली आणि पहिल्याच दिवशी तिचा सा स्वच्छ लागला. तेव्हा मात्र ताई दचकल्या. त्यांनी डॉ. अन्वितांना फोन केला, खरं काय ते समजून घेतलं आणि दोघींनी मिळून व्यापार लवादाकडे तक्रार केली.

सुनावणी व्हायला तीन वर्षं गेली. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. कोणतंही ॲप घ्यायला लोक मोकळे आहेत, यथाश्रुत लोकांनी आपणहून सोडलं, मग स्पर्धेला बाधा आली कुठे? पुरावा म्हणून सृजा तंबोऱ्याच्या साथीने गायली. लवादाच्या सदस्यांनी माना डोलावल्या. यात बेसूर काय आहे, असं अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, कर्णमणी तुमच्याही कानामागे आहे," डॉ. अन्विता म्हणाल्या. "आमचा पुरावा तुमच्यापर्यंत यायच्या आधी प्रतिवादींच्या हातातून जातो."

अध्यक्षांचा हात नकळत कानामागे गेला. थोडा विचार करून त्यांनी हुकूम दिला की, दालनातल्या सर्वांच्या कर्णमण्यातलं मंजुळ एक तास बाजूला ठेवावं. कंपनीने नाखुशीने ते केलं.

पंखे किरकिरू लागले. सृजा पुन्हा गायली आणि अध्यक्षांचं तोंड कडू झालं. शर्वरीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदल्या होत्या.

"आता ऐकलंत न्हवं? हेच सांगत होते मी. थांब सृजा, सा असा लावायचा बघ."

त्यांनी सा लावला. नवख्यालाही कळावं इतका तो उतरला होता. त्यांनी तंबोरा पुन्हा ऐकला, पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"माझाच पडतोय की," त्या हळू म्हणाल्या.

"गळ्याला वाट कान दाखवतो, ताई," डॉ. अन्विता म्हणाल्या. "गळा रोज थोडा घसरतो, कान टोकतो आणि आपण सावरतो. तुमच्या कानाने इतकी वर्षं टोकलंच नाही."

"म्हणजे पोरींना मी हेच दिलं? आता सूर परत यायचा का न्हाई?"

"येईल. पण रोज खरं ऐकायला मिळालं तर."

वकील उठले. मंजुळने बाईंचा दोष आजवर झाकला, याला नुकसान कसं म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी निकाल राखून ठेवला आणि तो लागेपर्यंत कंपनीचा नियम चालू राहील, असं सांगितलं. ताईंनी तासातला उरलेला वेळ तेवढा मागून घेतला.

त्या डोळे मिटून सा लावत बसल्या. कधी खाली, कधी वर, मग जरा जवळ. कुणी उठून गेलं नाही. एका दमात मध्येच तो लागला. गोल, स्थिर, हवा तसा.

"वा! लागला," अध्यक्ष म्हणाले.

ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी डॉ. अन्वितांकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. तास नुकताच संपला होता.

"लागला ना?" ताईंनी विचारलं.

कर्णमणी डॉ. अन्वितांच्या कानामागेही होता.

"मला सांगता येणार नाही, ताई," त्या म्हणाल्या.